भयाला चेहरा कोणाचा?

मुलांना भीतीच्या गोष्टी द्याव्यात की देऊ नयेत, हा वाद आपल्याकडे जुना आहे; दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली एखादी भयकादंबरी घरात आली की तो पुन्हा उपस्थित होतो. माझे मत आरंभीच सांगतो : द्याव्यात. भरतमुनींनी भयाला स्थायीभाव मानून भयानकाला आठ रसांत स्थान दिले, ते भय मनुष्याच्या ठायी मुळातच वसते हे ओळखून. आणि जे मनात आहेच त्याला गोष्टीतून वाट मिळाली, तर मुलाचे काही बिघडत नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. सृष्टीच्या आरंभी एकाकी असलेल्या आत्म्याला भय वाटले, पण आपल्यावाचून दुसरे कोणी नाहीच, मग भ्यावे कोणाला, असा विचार मनात येताच ते मावळले, असे बृहदारण्यकोपनिषद सांगते. भय दुसऱ्यापासून उपजते, हा त्याचा निष्कर्ष. मग मुलांसाठी लिहिणाऱ्याने हा ‘दुसरा’ कोणाला करावे?

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. पहिले वाघोबाचे. शिवेवर किंवा रानाच्या वाटेवर लाकडी फळीवर अथवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारसेला, वारली माणसे त्याला नैवेद्य दाखवतात. ज्याच्या डरकाळीने अंगावर काटा यावा, ज्याने गोठ्यातले वासरू उचलून न्यावे, त्यालाच त्यांनी देव म्हणून शिवेवर बसवले आणि त्याच्याशी जणू करारमदार केला. भय येथे नाहीसे होत नाही, पण त्याला जागा आणि मर्यादा मिळते, आणि त्यापायी कोणा माणसाचा बळी जात नाही. पाड्यावरचे मूल या देवाला भिते आणि त्याच्यापुढे हातही जोडते. भयाचे याहून निकोप शिक्षण माझ्या पाहण्यात नाही.

दुसरे उत्तर भुताळीचे, म्हणजे चेटकीण ठरवलेल्या बाईचे. मूल तापाने फणफणते, औषधाआधी भगत, म्हणजे पाड्यावरचा मांत्रिक, येतो, तांदळाचे दाणे पाहतो, आणि दोष पाड्यातल्याच एखाद्या बाईवर, बहुधा एकट्या विधवेवर किंवा वृद्धेवर, येऊन ठरतो. मग तिला मारहाण, गावाबाहेर हुसकावणे, क्वचित तिचा जीवही जाणे. हे या पट्ट्यापुरतेच आहे असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि अमुक माणूस करणी करतो असे जाहीर करून त्याला छळणे हा तेव्हापासून फौजदारी गुन्हा झाला. पण फिर्याद नोंदवायला त्या बाईने कचेरीपर्यंत जिवंत पोचले पाहिजे.

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण मुंबई-पुण्याच्या मुलांना मनमुराद हसवून गेली, आणि त्या नाटकाचा मला लोभ आहे. तथापि ज्या डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेथील वारली मूल आज पुस्तक वाचते, हे लेखकाने आता विसरता कामा नये. शहरातल्या मुलाच्या दृष्टीने वाकड्या नाकाची म्हातारी पुस्तक मिटले की संपते. पाड्यावरच्या मुलाला तीच म्हातारी सकाळी पाणवठ्यावर भेटते, आणि काल रात्री वाचलेले सारे तिच्या सुरकुत्यांना चिकटून बसते.

म्हणून मुलांसाठी भयकथा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. अंधार लिहा, ताडाच्या बनातला वारा लिहा, पडक्या वाड्यातली पावले लिहा, वाघाचे डोळेही लिहा. मुलांना मनसोक्त घाबरू द्या. पाड्याच्या टोकाला एकटी राहणाऱ्या म्हातारीला तेवढे भूत करू नका.