आद्य शिक्षक कोण?

अमेरिकेतील बिशपांच्या १८८४च्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या कार्यक्षेत्रात, कॅथलिक शाळा काढण्याचा आग्रह धरला होता. त्याच देशात आज काही कॅथलिक कुटुंबे मुलांना घरीच शिकवतात आणि त्यासाठी ख्रिस्तसभेच्याच शिकवणुकीचा दाखला देतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक म्हटले, हा तो दाखला. मात्र त्याच घोषणापत्रात कॅथलिक शाळांचाही पुरस्कार आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

अशा घरात प्रार्थना, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे आणि बेरीज-वजाबाकी एकाच टेबलावर, तान्ह्या बाळाच्या झोपेचा अंदाज घेत चालतात, तर वर्षाला आकार येतो तो नाताळपूर्व आगमनकाळ, ईस्टरपूर्व प्रायश्चित्तकाळ आणि संतांचे सण यांमुळे. येथे श्रद्धा हा वेगळा विषय राहत नाही, हे या पद्धतीचे बळ आहे. पण शिकवणारी व्यक्ती आणि रागावणारी व्यक्ती एकच असल्याने मुलाला देव आणि आई यांच्या आज्ञांतील फरक कळणे अवघड होते, हा धोकाही तेथेच आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी, विवेक जागा होण्यापूर्वीचे मूल आईवडिलांच्या छायेत जणू आध्यात्मिक गर्भाशयातच असते, असे मांडले. या युक्तिवादाने पालकांचा अधिकार सिद्ध होतो, तशी त्याची मुदतही ठरते: पोप दहावे पायस यांच्या १९१०च्या आदेशाने विवेकाचे वय सुमारे सात वर्षे मानले, आणि त्या वयातील पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार धर्मगुरूचा असतो, वडिलांचा नव्हे.