भिंतीकडे तोंड केलेला कॅमेरा

घरातला कॅमेरा बंद आहे, हे त्याच्यासमोरच्या माणसाला कसं कळायचं?

ॲपमधून बंद केला की झालं, असं आपण म्हणतो. पण ॲप आपल्या फोनमध्ये असतं, समोर लादी पुसणाऱ्या मावशींच्या फोनमध्ये नसतं. त्यांना चालू कॅमेरा आणि बंद कॅमेरा सारखाच दिसतो.

अंधेरी, मुलुंड, बोरिवलीच्या फ्लॅटांमध्ये हे कॅमेरे का आले, ते समजण्यासारखं आहे. दोघंही नोकरीला, लोकलच्या प्रवासात रोजचे दोन-तीन तास, घरी दीड वर्षाचं मूल किंवा एकटी आजी. ही काळजी खरी आहे. पूर्वी चाळीत शेजारीही लक्ष ठेवायचेच की, असंही कुणी म्हणेल. ठेवायचे. पण गॅलरीतून बघणारी काकू तुम्हालाही दिसायची, आणि तिनं पाहिलेलं बरंचसं ती विसरून जायची. कॅमेरा बघतो, पण त्याच्यामागचा माणूस दिसत नाही. आणि पाहिलेलं तो जसंच्या तसं साठवून ठेवतो.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती वापराला वगळलं आहे. 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं भावाभावांच्या एका वादात म्हटलं, की सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या घरात कॅमेरे चालवता येणार नाहीत. पण मावशी सोबत राहत नाहीत, दोन तास येतात. त्यांच्यापुरता कायदा आपल्यालाच करावा लागतो.

तो स्क्रिप्टमध्ये लिहिता येतो. बऱ्याच आयपी कॅमेऱ्यांना ‘ऑनव्हिफ’ नावाची सामाईक भाषा कळते. कॅमेरा फिरणारा असेल तर पायथॉनच्या थोड्याशा ओळींत त्याला मान वळवायला सांगता येतं. लिनक्समधलं ‘क्रॉन’ ती स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालवतं. जुनं रेकॉर्डिंग पुसायला एक ओळ पुरते. अवघड यातलं काही नाही. अवघड आहे ते आकडे भरणं. किती वाजता बघायचं? किती दिवस ठेवायचं? तीन की तीस? ॲप हे विचारत बसत नाही, लावल्यापासून बघतच राहतं. स्क्रिप्ट लिहिताना मात्र आकडा आपल्याला टाकावा लागतो, आणि मग तो आपला निर्णय असतो.

मावशी दहा ते बारा येतात असं धरू. त्या वेळेसाठी दोन पर्याय आहेत: रेकॉर्डिंग थांबवणं, किंवा लेन्स भिंतीकडे वळवणं. इंजिनिअरच्या दृष्टीनं दोन्हींचा परिणाम जवळपास एकच, खोलीचं चित्र साठत नाही. पण पहिल्यात मावशींना आपल्या शब्दावर विसंबावं लागतं. दुसऱ्यात त्या स्वतः बघू शकतात. त्यात अजून एक भर घालता येईल: दाराजवळ एक बटण, जे आजीनं किंवा मावशींनी दाबलं की कॅमेरा अर्धा तास भिंतीकडे वळेल.

आणि चोरी करणाऱ्यानंच ते दाबलं तर? दाबू शकेल. बटण दाबल्याचा मेसेज आपल्याला येईल, मुख्य दाराचा कॅमेरा चालू राहील, तरी थोडा धोका उरेलच. तो आपण पत्करायचा. ज्यांच्या हाती घराची किल्ली देतो, मूल देतो, त्यांच्यावर भरवसा आहे असं आपण म्हणतोच. धोका शून्यावर आणायचा हट्ट धरला तर जे उरतं त्याला भरवसा म्हणत नाहीत, पाळत म्हणतात.

कॅमेरा लावायचा की नाही, याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असेल. पण लावला असेल तर तो वळवायचा अधिकार, निदान थोड्या वेळापुरता, त्याच्यासमोर वावरणाऱ्यालाही हवा.