दूरच्या शेजाऱ्याचे देणे

कसाल गाव मुंबई-गोवा महामार्गावर, मालवणचा रस्ता जेथे फुटतो तेथे वसले आहे. जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय ओरोस येथे, म्हणजे अगदी नजीक. दोडामार्ग तालुका याच जिल्ह्यातला. परंतु तेथील पुष्कळ रोगी ओरोस दूर पडते म्हणून गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाचा आश्रय घेतात. इ. स. २०१८ च्या आरंभी त्या रुग्णालयात गोव्याबाहेरच्या रोग्यांकडून शुल्क घेण्यास प्रारंभ झाला, तेव्हा सीमेवरील गरिबांवर केवढी चिंता ओढवली! जिल्हा एक, पाऊस एक, ताटातला भात एक. आजारपणात मात्र दोघांची स्थिती निराळी. यावरून प्रश्न उत्पन्न होतो की, ज्यास औषध जवळ आहे तो, ज्यास ते दूर आहे त्याचे काही देणे लागतो काय?

कित्येक म्हणतील, ‘ज्याचे त्याचे नशीब.’ हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. सन २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर गावी व पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूस माकडतापाने माणसे दगावली. हा ताप रानातील गोचिडीच्या दंशाने होतो. मग तो कोणास गाठतो? जो काजूच्या बागेत राबतो, जळण आणतो, गुरे चारतो त्यास. लेप्टोचेही तसेच. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी अनवाणी लावणी करणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून अंगात शिरते. ज्यांच्या कष्टांवर आम्ही जेवतो, त्यांच्याच वाट्यास हे रोग अधिक येतात. यास नशीब म्हणणे म्हणजे आपले देणे बुडविणे होय.

दुसरे म्हणतील, ‘ते सरकारने पाहावे.’ सरकारने पाहिलेच पाहिजे, आणि आपणही ते निर्भयपणे मागितले पाहिजे. तथापि केवळ तेवढ्याने भागत नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम आरंभिले. दवाखाना उघडून रोग्यांची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांनी खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींच्याही स्त्रिया होत्या. १९७१ मध्ये तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत. १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली. स्वच्छ पाणी, पोटभर अन्न, वेळेवर टोचलेली लस आणि दारी येणारी जाणती शेजारीण, यांनी हे घडविले.

वाचकहो, पावसाळ्यात शेजारी तापाने पडला तर ‘उतरेल उद्या’ असे म्हणून स्वस्थ बसू नका. ज्यास वाचता येते त्याने आरोग्य खात्याची सूचना वाडीत वाचून दाखवावी. ज्याचे वाहन आहे त्याने रोग्यास पोहोचवावे. शेवटच्या वाडीतील शेवटच्या घरी औषध वेळेवर पोहोचते काय, याच मापाने राष्ट्राचे आरोग्य मोजावे असे आम्हांस वाटते.