सतरंज्या कोण उचलतो?



शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या मिळतात त्या नाचणाऱ्यांना. रात्री सतरंज्या झटकणाऱ्या, खुर्च्या मोजून परत देणाऱ्या मुलांचे नाव कुणी पुकारत नाही. ते पुकारावे का?

आपल्याच जिल्ह्यात, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला. पुढे सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाक हा अभ्यासाचाच भाग झाला. मग वेगळी शाबासकी कशाची? १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे ब्रीदही ‘मी नव्हे, तुम्ही’ असेच आहे. आता अकरावी-बारावीलाही ती असते. तरी तिथे सेवेचे तास वहीत मांडतात, शेवटी प्रमाणपत्र देतात. सेवेचा असा हिशेब आम्हाला थोडा खटकतो.

पण घरचे पाणी भरून, धाकट्या भावंडांना सांभाळून शाळेत येणारी मुलगी संध्याकाळी उशिरा घरी गेली, तर आईबाबांना दाखवायला तिच्या हाती काहीतरी हवे. तिचे प्रमाणपत्र काढून घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, हे देणाऱ्याने पाळायचे असते. घेणाऱ्याने डोळे मिटावेत असा त्याचा अर्थ नव्हे.

यंदा कार्यक्रम संपल्यावर आपण पालकांनी थोडे थांबावे. सतरंजीचे दुसरे टोक धरायला कुणीतरी लागतेच.