आठ कारणांतलं एक

एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह आली की समुपदेशकाला एक रकाना भरावा लागतो: लागण कशी झाली असावी. अकोल्यात आणि अमरावतीत मी वर्षानुवर्षं तो भरला. सुरुवातीला समोर बसत ते बहुधा मुंबई-कोलकाता महामार्गावरचे ट्रकवाले, नाहीतर सुरतेला कामाला गेलेले पुरुष. मग त्यांच्या बायका आल्या, गावाची वेस क्वचितच ओलांडलेल्या. मग बाळं. रक्तपेढीतली तपासणी सक्तीची झाली, तशी रक्तातून लागण झाल्याची नोंद दुर्मीळ झाली. गरोदरपणीच तपासणी आणि औषधं मिळू लागली, तशी बाळंही कमी झाली. अलीकडे पुरुषाशी संबंध आलेले तरुणही येतात. समलिंगी संबंध गुन्हा नाही, या कलम ३७७ वरच्या २०१८ च्या निकालानंतर काही जण ते स्वतःहून सांगतात.

रकाना बदलत गेला, प्रश्न तोच राहिला: "ताई, म्या कोनतं पाप केलं जी?"

नातेवाईकांकडे उत्तर तयार असतं. ट्रकवाल्याला त्याचं वागणं भोवलं, बायकोला तिचं नशीब, बाळाला मागचा जन्म. लागणीचा मार्ग कोणताही असो, निकाल ठरलेला. असं कुठंही बसणारं उत्तर ऐकलं की मला शंका येते, ते रोग्यासाठी नसून त्याच्यापासून लांब बसू पाहणाऱ्यांसाठी आहे. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीत कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारलं, तेव्हा त्यांच्याही वाट्याला हेच येत होतं.

आमच्या घरी बुद्धवंदना होते. संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो: माणूस जे भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच फळ, असं काही जण म्हणतात, आपलं मत काय? बुद्ध आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्म. ते कर्म नाकारत नाहीत, त्याला आठांत एक जागा देतात.

मग बायकोपासून आजार लपवणारा नवरा सुटला का? नाही. पण त्यानं जाब द्यायचा तो तिला, माझ्या रकान्याला नव्हे. आणि त्याच्या हातात अजून बरंच आहे. सरकारी मोफत औषधं देशात २००४ पासून सुरू झाली. रोज गोळी घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. मागच्या जन्माचा हिशेब कुणाला तपासता येत नाही, हा येतो.

म्हणून पाप कोणतं, याचं उत्तर मी देत नाही. गोळी किती वाजता घेणार, ते विचारते.