दया आणि जमाखर्च

एखादें योग्य काम मनुष्यानें केवळ पैसा वांचावा म्हणून केलें, तर त्यास सत्कृत्य म्हणावें किंवा नाहीं? हा प्रश्न विद्वानांच्या वादाचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु अमेरिकेंतील कांहीं संस्थानांनीं आपले शिक्षेचे कायदे व तुरुंगांची व्यवस्था खर्चाच्या भीतीनें बदलली, तेव्हां तो प्रत्यक्ष व्यवहारांत उभा राहिला. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

त्या देशांत प्रत्येक संस्थानाचे फौजदारी कायदे व तुरुंग वेगळे असतात, आणि त्यांचा खर्च मुख्यतः तेथील रयतेच्या करांतून भागतो. टेक्सस हें संस्थान कडक शिक्षेविषयीं प्रसिद्ध आहे. इ. स. २००७ च्या आरंभीं तेथील कायदेमंडळापुढें असा अंदाज आला कीं, चालू वहिवाट तशीच राहिली तर इ. स. २०१२ पर्यंत आणखी सुमारें १७,००० कैद्यांची सोय करावी लागेल, आणि त्यासाठीं सुमारें २ अब्ज डॉलर लागतील. तुरुंगविषयक समितीचे अध्यक्ष जेरी मॅडन यांनीं स्वतः सांगितलें आहे कीं, इ. स. २००५ मध्यें त्यांस तें पद मिळालें तेव्हां सभापतींनीं एकच गोष्ट बजाविली: नवे तुरुंग बांधूं नका, ते फार महाग पडतात. मॅडन व विरुद्ध पक्षाचे जॉन व्हिटमायर यांनीं मिळून शोध केला. तेव्हां असें दिसलें कीं, पुष्कळ लोक नव्या गुन्ह्यामुळें नव्हे, तर सुटकेच्या अटी मोडल्यामुळें पुन्हां आंत येत होते. आणि व्यसन सोडविण्याच्या उपचारांत जागा नसल्यामुळें कित्येकांची सुटका लांबत होती. मग कायदेमंडळानें नव्या भिंती उभारण्याऐवजीं उपचार व देखरेख ह्यांकडे सुमारें २४ कोटी १० लक्ष डॉलर लाविले. अंदाज केलेली गर्दी झाली नाहीं, आणि इ. स. २०११ सालीं शुगरलँड येथील जुना तुरुंग बंद करण्यांत आला.

येथें कोणी म्हणेल, ही दया नव्हे, हा हिशेब आहे. असेल. परंतु शुभवर्तमानांतील तो न्यायाधीश आठवा, जो देवाला भीत नसे व मनुष्याची पर्वा करीत नसे. विधवेच्या तगाद्याला कंटाळून त्यानें तिचा न्याय केला. त्याचा हेतु हलका होता. तरी तिच्या पदरीं पडलेला न्याय खोटा नव्हता. शिवाय काटकसर ही कांहीं लाजिरवाणी गोष्ट नाहीं. सरकारी खजिन्यांत गरिबाच्या घामाचा पैसा असतो, आणि जो तुरुंगाच्या भिंतींत गेला तो शाळेला व दवाखान्याला मिळत नाहीं. म्हणून खर्चाच्या धाकानें कां होईना, राज्यकर्त्यांनीं आपली वहिवाट तपासून पाहिली, हें चांगलेंच झालें.

तथापि खर्चाला न्यायासनावर बसवितां येत नाहीं. कॅलिफोर्निया संस्थानांत इ. स. १९९४ मध्यें असा कायदा झाला कीं, पूर्वीं दोन गंभीर गुन्हे केलेल्या मनुष्यानें तिसरा कोणताहि मोठ्या वर्गांतील गुन्हा केला, तर त्यास २५ वर्षांपासून जन्मपर्यंत कैद व्हावी. त्याप्रमाणें गोल्फ नांवाच्या खेळाच्या तीन काठ्या, किंमत सुमारें १,२०० डॉलर, चोरणाऱ्या एका मनुष्यास ही शिक्षा झाली. त्याचे पूर्वींचे गुन्हे गंभीर होते, हें खरें. इ. स. २००३ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती शिक्षा कायम केली. आतां समजा, त्या संस्थानाचा खजिना काठोकाठ भरलेला असता. तर ती शिक्षा योग्य ठरली असती काय? माझें मन नाहीं म्हणतें. दोष खर्चांत नव्हता, मापांत होता. इ. स. २०१२ मध्यें तेथील मतदारांनींच कायदा सुधारून, बहुतेक प्रकरणीं तिसरा गुन्हाहि गंभीर अथवा हिंसेचा असावा, असें ठरविलें.

दुसरें असें कीं, काटकसर जशी दार उघडते तशीच ती बंदहि करिते. त्याच टेक्सस संस्थानांत इ. स. २०२५ च्या मार्च महिन्यांत एका संघीय न्यायाधीशानें असा अभिप्राय दिला कीं, तुरुंगांतील उन्हाळ्याचा असह्य उकाडा घटनेच्या विरुद्ध आहे. तेव्हां तेथील निम्म्याहून अधिक तुरुंगांत थंड हवेची पूर्ण सोय नव्हती, आणि ती करण्यास फार पैसा लागेल ही अडचण वारंवार पुढें करण्यांत येत होती. ज्या वहीनें इ. स. २००७ मध्यें कैद्याला उपचार दिला, तीच वही येथें त्याला गारवा नाकारीत होती. केवळ स्वस्त म्हणून केलेली दया महाग होतांच थांबते.

ज्याचें घर फोडलें गेलें त्याचें काय, हा प्रश्नहि विसरूं नये. जो खरोखर घातकी आहे त्यास कोंडून ठेवण्यास कितीहि खर्च येवो, तो केला पाहिजे. पैसा वांचतो म्हणून त्यास मोकळें सोडणें हा शेजाऱ्यावर अन्याय होय. परंतु व्यसनांतून सुटलेला मनुष्य पुन्हां चोरी करीत नाहीं, तेव्हां दुसऱ्या कोणाचें तरी घर वांचतें. अशी दया अपराध्याइतकीच निरपराध्याच्याहि उपयोगी पडते.

सारांश, जमाखर्च हा पहारेकरी आहे. त्यानें हांक मारून धन्याला जागें करावें. पण घरांत काय करावें हें धन्यानेंच ठरवावें. शिक्षा अपराधाच्या मापाची आहे काय, आणि शिक्षा भोगणारा मनुष्यच राहतो काय, हे प्रश्न खजिना भरलेला असो वा रिकामा, तेच राहतात.

आणि बंधुभगिनींनो, हे प्रश्न केवळ परदेशच्या कायदेमंडळांचे नाहींत. शिक्षा भोगून कोणी आपल्या गांवीं परत येतो, तेव्हां त्यास मजुरीवर कोण घेतो? मंदिरांत त्याच्याजवळ कोण बसतो? त्यांत सरकारचा एक पैसाहि खर्च होत नाहीं. खर्च होते ती आपली प्रतिष्ठा, आणि कधीं कधीं आपला मनाचा निश्चिंतपणा. आपली दया स्वस्ताईची आहे किंवा खरी आहे, हें त्या दिवशीं आपल्यालाच कळेल.