हाक मारली तरी वळून न पाहणारे मूल

पुंडलिकनगर भागातील एका भगिनीने मला विचारले, "मौलाना साहेब, मुलाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले तर अल्लाहवरचा माझा भरवसा कमी ठरेल का?" मूल तीन वर्षांचे. हाक मारली तरी वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, आलेले चार शब्दही गेले. सासूबाई म्हणतात, त्याचा चाचाही उशिरा बोलला होता. पतीला भीती, की कागदावर शिक्का बसला तर आयुष्यभर पुसणार नाही. घरात ताईत आहे, दम केलेले पाणी आहे. तपासणी तेवढी झालेली नाही.

दुआ अवश्य करावी. परंतु उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले होते. संतती ही अमानत आहे, आणि अमानतीची अवस्था जाणून घेणे हे तिच्या रक्षणाचे पहिले पाऊल आहे.

स्वमग्नता औषधाने बरा होणारा रोग नव्हे. तिच्यासाठी रक्ताची चाचणीही नाही. आधी श्रवणशक्ती तपासतात. मग तज्ज्ञ मुलाचे खेळणे, पाहणे, बोलणे न्याहाळतात, आईवडिलांना सविस्तर विचारतात. निदान लवकर झाले, तर वाणी व वर्तनाचे प्रशिक्षण कोवळ्या वयातच सुरू होते. चाचाची वाट पाहण्यात हीच वर्षे निघून जातात.

त्या भगिनीला आणखी एक बोल लावला जात होता: गरोदरपणी तिनेच काही चुकवले असेल. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केल्यानंतर मोठमोठे विद्वानही कित्येक वर्षे आईच्या थंडपणाला दोष देत राहिले. ते साफ चुकीचे ठरले. एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकू नये, ही कुरआनची शिकवण. इथे तर गुन्हाच घडलेला नाही!

शिक्क्याविषयी म्हणाल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्राने मुलाचे काही जात नाही, उलट हक्क मिळतात. 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमाही आहे. आपल्याच शहरात अंबिका टाकळकर या मातेने स्वतःच्या मुलासाठी मार्ग शोधता शोधता 'आरंभ' ही संस्था उभी केली. शेजारधर्म जाणणाऱ्याने तिथे जायला संकोच कशाचा करावा?

दृष्टिहीन इब्ने उम्मे मकतूम (रजि.) ज्ञान मागायला आले, तेव्हा प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते. अल्लाहने 80 व्या अध्यायात त्या दृष्टिहीनाची बाजू घेतली. पुढे प्रेषित (स.) मदीनेबाहेर जाताना नमाजचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपवत असत. आपल्या मशिदीत मात्र एखादे मूल ओरडले, की दहा माना रागाने वळतात. मूल रडलेले ऐकून प्रेषित (स.) तर नमाजच आटोपती घेत, आईला त्रास नको म्हणून.

हे सर्व मी तिच्या पतीसमोरच सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने एवढेच विचारले, की घाटी रुग्णालयात कानाची तपासणी कोणत्या वारी होते.